दर कंटेनरला डिटेन्शन का लागतं? न्हावा शेवावर दिवस कुठे गळतात ते असं शोधा

तक्रार ठरलेली असते. माल वेळेवर निघाला, जहाज लागलं, ड्युटी भरली, आणि तरी शिपिंग लाइनचं डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडवून ठेवल्याचं, बिल आलंच. पुढच्या कंटेनरलाही आलं. इंपोर्टर सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला, धरतो, सीएचए लाइनकडे बोट दाखवतो, लाइन टॅरिफचं पान पाठवून मोकळी होते आणि ट्रान्सपोर्टर फोन उचलत नाही. एखाद्या डब्याच्या बाबतीत हे झालं तर नशीब म्हणून सोडून द्यावं. सलग तीन-चार डब्यांना होत असेल तर गळती एकाच जागी आहे, आणि ती कागदावर सापडते. सगळे कस्टमला शिव्या देतात, पण मी पाहिलेल्या फायलींमध्ये बहुतेक दिवस जहाज लागण्याआधी किंवा डबा गोडाउनला पोचल्यानंतर गेलेले असतात.

आधी बिलं वेगळी करा

अकाउंट्सवाले सगळी जादा बिलं 'डेमरेज' नावाच्या एकाच खात्यात टाकतात. पुढचा गोंधळ तिथून सुरू होतो. रिक्षाची चार मीटरं एकाच वेळी पडलेली आहेत असं समजा: प्रत्येकाचा मालक वेगळा, सुरू होण्याची वेळ वेगळी आणि बंद करण्याची रीतही वेगळी.

पहिलं टर्मिनलचं. डबा जहाजावरून उतरून बंदराच्या यार्डात पडून राहिला तर त्याचं भाडं. दुसरं सीएफएसचं ग्राउंड रेंट. डबा द्रोणागिरी, जासई, पनवेल पट्ट्यातल्या एखाद्या कंटेनर फ्रेट स्टेशनात गेला की हे चालू होतं. तिसरं लाइनचं डिटेन्शन. हे जागेचं भाडं नाही, लाइनचा डबा तुम्ही किती दिवस अडवून ठेवलात त्याचं आहे. ते ओओसी, म्हणजे माल सोडायची कस्टमची मंजुरी, मिळाली म्हणून थांबत नाही, माल गोडाउनात उतरला म्हणूनही थांबत नाही. रिकामा डबा लाइनने सांगितलेल्या यार्डात जमा झाला तरच थांबतं. चौथं सरकारचं: बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमकडे भरायचं आयातीचं विवरण, उशिरा भरल्याची लेट फी आणि ड्युटी उशिरा भरल्याचं व्याज.

लाइनचं बिल साधारणपणे डॉलरच्या दराने लावलेलं असतं, लाइनच्या स्वतःच्या विनिमय दराने रुपयांत येतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. शिवाय ते टप्प्याटप्प्याने चढतं. समजा चाळीस फुटी डब्याला १४ दिवस फ्री आहेत, पुढचे सात दिवस रोज ८० डॉलर आणि त्यानंतर रोज १२० डॉलर. डबा एकोणिसाव्या दिवशी परत गेला तर पाच दिवसांचे ४०० डॉलर. सव्विसाव्या दिवशी गेला तर ५६० अधिक ६००, म्हणजे ११६० डॉलर, वर जीएसटी. आकडे समजण्यापुरते आहेत; तुमच्या लाइनचं टॅरिफ काढून बघा. दिवसांची मोजणी कोणत्या तारखेपासून आणि रविवार धरून की सोडून, हेही त्याच पानावर बारीक अक्षरांत असतं. बहुतेक ठिकाणी रविवार धरलेला असतो.

एका पानावर तारखा मांडा

मागच्या तीन डब्यांच्या फायली काढा आणि प्रत्येकाच्या या तारखा एका ओळीत लिहा: सप्लायरने कागद पाठवले ती तारीख, ओरिजिनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, मालाचा हक्क दाखवणारा लाइनचा कागद) किंवा तो तिकडेच सरेंडर केल्याचा मेल आला ती, बिल ऑफ एन्ट्री भरली ती, जहाज लागलं ती, डबा उतरला ती, कस्टमची क्वेरी आली आणि उत्तर दिलं त्या दोन्ही, ड्युटी भरली ती, ओओसी, डीओ (डबा सोडायचा लाइनचा आदेश), गेटआउट, गोडाउनला गाडी लागली ती, गाडी रिकामी झाली ती, आणि रिकामा डबा यार्डात जमा झाला ती. शेजारच्या दोन तारखांमधलं सगळ्यात मोठं अंतर लाल पेनाने गोल करा. तीनही ओळींत गोल एकाच जागी पडला तर पुढचा तेवढाच भाग वाचा.

हे पान सीएचएकडे मागू नका, स्वतः भरा. सीएचएकडे गोडाउनच्या तारखा नसतात आणि गोडाउनला क्वेरीच्या तारखा माहीत नसतात. म्हणून तर गळती कोणालाच पूर्ण दिसत नाही.

गोल 'बीएल आला' या तारखेपाशी पडला तर

डबा बंदरात आणि बीएल बँकेत, हा सगळ्यात जुना रोग. चीनहून येणाऱ्या मालाला वाटेत दोन-तीन आठवडे मिळतात, त्यामुळे कागद कसेबसे पोचतात. जेबेल अलीहून जहाज चार दिवसांत न्हावा शेवाला लागतं. तेवढ्या वेळात सप्लायरच्या बँकेतून तुमच्या बँकेत कागद येणं जवळजवळ अशक्य. जवळच्या बंदरातून एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, माल मागवत असाल आणि दर वेळी डिटेन्शन लागत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायची गरज नाही.

उपाय व्यवहाराच्या विश्वासावर ठरतो. जुना सप्लायर असेल तर सी वेबिल घ्या. त्यात ओरिजिनल सादर करायचाच नसतो. नवा असेल तर पैसे पोचले की तिकडेच बीएल सरेंडर करून इकडे रिलीजचा मेल, म्हणजे ज्याला सगळे टेलेक्स रिलीज म्हणतात. मात्र शिल्लक रक्कम जहाज निघाल्याबरोबर भरायची, लागल्यावर नव्हे. बाकीचे पैसे 'माल आल्यावर बघू' म्हणणारे इंपोर्टर त्या दोन-तीन दिवसांचं व्याज वाचवतात आणि लाइनला डॉलरमध्ये भरतात. एलसी टाळताच येत नसेल तर शिपिंग गॅरंटीची, म्हणजे बीएल येण्याआधी डबा सोडवायला बँकेने द्यायच्या हमीची, सोय बँकेशी आधीच बोलून ठेवा. ती ऐन वेळी मागितली की शाखेतला माणूस हेड ऑफिसची परवानगी मागतो आणि आठवडा जातो.

फॉरवर्डरच्या, म्हणजे लाइनकडे बुकिंग करून देणाऱ्या मध्यस्थाच्या, हाउस बीएलवर माल येत असेल तर आणखी एक गाठ असते. लाइन डीओ देते फॉरवर्डरच्या इथल्या एजंटला, आणि तो एजंट देतो तुम्हाला. मधल्या एजंटचे लाइनकडे पैसे थकले असतील तर तुमचा काहीही दोष नसताना डबा अडतो. स्वस्त फ्रेटच्या (जहाजभाड्याच्या) मोहात दर वेळी नवा फॉरवर्डर धरणाऱ्यांना हे वारंवार भोवतं. जहाज लागण्याआधी एजंटला सरळ विचारा: लाइनचा मास्टर बीएल तिकडे सरेंडर झाला का, आणि लाइनचं काही देणं बाकी आहे का?

गोल 'बिल ऑफ एन्ट्री' पाशी पडला तर

कस्टम्स अॅक्ट १९६२ च्या कलम ४६ मध्ये २०२१ साली बदल झाला, तेव्हापासून बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याचा आदला दिवस संपायच्या आत भरावी लागते, आणि त्यात सुट्टीचा दिवसही मोजला जातो. श्रीलंका, बांगलादेशासारख्या अगदी जवळच्या देशांतून येणाऱ्या मालाला वेगळी मुभा आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये लेट फी. सबळ कारण दाखवलं तर ती माफ होऊ शकते. 'सप्लायरने इन्व्हॉइस उशिरा पाठवलं' हे सबळ कारण समजलं जात नाही. जहाज लागण्याच्या अपेक्षित तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत आगाऊ बिल ऑफ एन्ट्री भरता येते. तरीही 'जहाज लागू दे, मग भरू' ही जुनी सवय कित्येक ऑफिसांत अजून टिकून आहे.

आगाऊ भरूनही अडकतं ते बहुतेक आयजीएमशी, म्हणजे लाइनने कस्टमला दिलेल्या मालयादीशी, जुळत नाही म्हणून. लाइनने भरलेल्या मॅनिफेस्टमध्ये बीएल नंबरच्या आधी लाइनची अक्षरं आहेत, तुमच्या एन्ट्रीत नाहीत. किंवा तिकडे कार्टन मोजलेत आणि तुम्ही पॅलेट. किंवा ग्रॉस वेटमध्ये दहा किलोंचा फरक. यातलं काहीही डोळ्यांना किरकोळ वाटतं, पण सिस्टम जुळवणी करत नाही. मग एकतर आयजीएमची दुरुस्ती करा, नाही तर कलम १४९ खाली बिल ऑफ एन्ट्रीची. दोन्हीत दिवस जातात आणि आयजीएमच्या दुरुस्तीचे पैसे लाइन वेगळे घेते. बीएलचा ड्राफ्ट सप्लायरकडून मंजुरीसाठी येतो तेव्हा 'ओके' लिहून परत पाठवणारा माणूस नक्की काय तपासतो, ते एकदा बघाच.

कंटेनर नंबर तर घरबसल्या तपासता येतो. चार अक्षरं आणि सात आकडे. शेवटचा आकडा बाकीच्या दहांवरून काढलेला असतो. अक्षरांना किंमती आहेत: ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, असं चढत जायचं आणि ११, २२, ३३ वगळायचे. मग पहिल्या चिन्हाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असं दर वेळी दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने गुणायचं. बेरजेला ११ ने भागून जी बाकी उरेल तो शेवटचा आकडा. बाकी १० आली तर शून्य. सीएसक्यूयू ३०५४३८३ घ्या. सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. बेरीज येते ६१८५, ११ ने भागल्यावर बाकी ३, आणि नंबरचा शेवटचा आकडाही ३. सप्लायरने मेलमध्ये एक आकडा चुकवला किंवा दोन शेजारचे आकडे उलटे लिहिले, तर ही बाकी जवळपास नेहमीच जमत नाही. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवून टाका.

ट्रान्सशिपमेंटचा माल कोलंबो, सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला जहाज बदलतो. बीएलवर पहिल्या जहाजाचं नाव असतं, न्हावा शेवाला लागतं दुसरंच. लाइनच्या ट्रॅकिंगवर दर दोन दिवसांनी नजर टाकली की हे कळतं. युरोपच्या मालाचं तर २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर वेळापत्रकच कोलमडलं. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तसे दहा-बारा दिवस वाढले. कागद तयार असतात आणि आगाऊ भरलेल्या एन्ट्रीची मुदत संपत येते, असा उलटा घोळ त्यात होतो.

गोल 'क्वेरी' पाशी पडला तर

फेसलेस असेसमेंट २०२० मध्ये देशभर लागू झाली. तुमचा डबा न्हावा शेवाला, पण एन्ट्री तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरातला असू शकतो. ओळखीच्या अप्रेझरसमोर सॅम्पल ठेवून समजावण्याचे दिवस गेले. आता जे सांगायचं ते कस्टमच्या ई-संचित पोर्टलवर अपलोड केलेल्या कागदांनी सांगायचं. आणि इन्व्हॉइसवर लिहिलेलं असतं: 'मशिनरी पार्ट्स'. एवढ्यावर एचएस कोड (ड्युटी ठरवणारा मालाचा वर्गीकरण क्रमांक) मान्य कर म्हटलं तर कोण करेल? कॅटलॉग मागितला जाणारच. मग सीएचए तुम्हाला विचारणार, तुम्ही सप्लायरला, तिकडे सुट्टी. चार दिवस गेले. दर वेळी तोच माल येतो आणि दर वेळी तीच क्वेरी येते, तर उत्तर पहिल्याच दिवशी एन्ट्रीबरोबर का जाऊ नये? मालाचं नेमकं वर्णन, कशापासून बनलाय, कशाला वापरतात, फोटो, कॅटलॉगचं पान, मागच्या वेळी मान्य झालेल्या एन्ट्रीचा नंबर. एक फोल्डर करा आणि दर डब्याला तोच जोडा.

सवलतीच्या ड्युटीसाठी ओरिजिन सर्टिफिकेट लावत असाल तर २१ सप्टेंबर २०२० पासूनचे कॅरोटार नियम लागू आहेत. माल त्या देशात खरोखर कसा बनला, याची माहिती इंपोर्टरकडे असायला हवी. नुसतं सर्टिफिकेट पुढे करून चालत नाही. ती माहिती सप्लायरकडून ऑर्डर देतानाच घ्या. माल लागल्यावर त्याला तुमची घाई नसते.

दुसऱ्या खात्यांच्या परवानग्यांमध्ये मात्र दिवस जात नाहीत, अख्खा डबा जातो. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं बंधन आहे आणि लायसन्स परदेशी कारखान्याच्या नावे लागतं. ते नसेल तर कितीही फ्री डेज घ्या, उपयोग नाही. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयकडे क्लिअरन्सच्या वेळी शेल्फ लाइफ किमान ६० टक्के किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढं शिल्लक असावं लागतं. दोन महिने गोदामात ठेवलेला माल स्वस्तात विकणारे सप्लायर या नियमामुळेच स्वस्त असतात. लेबलवर इंपोर्टरचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर किंवा शाकाहाराचं चिन्ह राहिलं असेल तर स्टिकर लावून दुरुस्त करता येतं. उत्पादनाची तारीखच नसेल तर स्टिकरने भागत नाही.

आणि लाकडी पॅलेट. माल मशिनचा, पण अडतो पॅलेटवरून. त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, कारखान्याचा नंबर आणि ट्रीटमेंटचं अक्षर असा शिक्का जाळून उमटवलेला किंवा छापलेला हवा. उष्णतेने प्रक्रिया केलेल्या लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान ३० मिनिटं दिलेलं असतं. शिक्का नसेल तर प्लँट क्वारंटाइनमध्ये प्रकरण जातं. कंटेनर भरताना सप्लायरकडून दार बंद करण्याआधीचे फोटो मागवा, आणि त्यात पॅलेटच्या शिक्क्याचा जवळून घेतलेला एक हवाच.

ओओसी झाली आणि तरी डबा बाहेर नाही

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. डीओवर मुदतीची तारीख असते; ती उलटली तर पुन्हा लाइनकडे जाऊन वाढवून आणावी लागते, आणि ते शनिवारी दुपारी होत नाही. डीपीडीची, म्हणजे डबा सीएफएसला न नेता थेट बंदरातून उचलायची, सोय असेल तर डबा ४८ तासांत बंदरातून उचलायचा असतो, नाही तर तो सीएफएसला हलतो आणि त्याचा खर्च वेगळा लागतो. गाडी न ठरवता डीपीडी घेणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलणार. करळ फाटा आणि गव्हाण फाट्याच्या कोंडीचा हिशेब ट्रान्सपोर्टरला माहीत असतो. एकालाच बांधून न राहता दोन ट्रान्सपोर्टर हाताशी ठेवा. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर गाड्या मिळत नाहीत हे दर वर्षीचं आहे.

गोल शेवटच्या तीन तारखांत पडला तर

माल गोडाउनला आला की ऑफिसात सगळे सुटकेचा श्वास सोडतात. लाइनचं मीटर मात्र चालूच असतं. भिवंडीतल्या कित्येक गोडाउनांना डॉक नाही. चाळीस फुटी हाय क्यूबमध्ये छतापर्यंत सुटे कार्टन रचलेले असले तर हमालांच्या टोळीला दिवस पुरत नाही. गाडी रात्री लागली, सकाळी जागा रिकामी नव्हती, दुपारी टोळी दुसऱ्या गाडीवर गेली, मध्ये रविवार. चाकणच्या कारखान्यात तर डबा सरळ 'सध्या राहू दे' म्हणून कोपऱ्यात उभा केला जातो आणि त्याचाच स्टोअर म्हणून वापर होतो. रोज ८० डॉलर भाड्याचं ते स्टोअर असतं, हे प्रॉडक्शनवाल्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

माल पॅलेटवर भरून आणा. डब्यात थोडा कमी बसेल, पण फोर्कलिफ्टने दोन तासांत उतरेल. दर कार्टनचं फ्रेट किती वाढतं आणि डिटेन्शन किती वाचतं, हे दोन्ही आकडे शेजारी मांडून ठरवा. मोडण्यासारखा माल नसेल तर सीएफएसमध्येच डी-स्टफिंग करून बंद ट्रकने नेणंही परवडतं, कारण रिकामा डबा तिथून यार्डात लवकर जातो. काच, टाइल्स, सॅनिटरी वेअरला हे करू नका, हाताळणी दुप्पट होते.

रिकामा डबा परत करायचा यार्ड लाइन बदलते. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. गाडी यार्डाच्या दारात पोचते आणि 'आमच्याकडे जागा नाही' असं उत्तर मिळतं. अशा वेळी ड्रायव्हरने नुसता फोन करून भागत नाही. यार्डाच्या गेटचा फोटो तारीख-वेळेसह काढायचा आणि त्याच मिनिटाला लाइनला मेल करायचा: डबा अमुक वाजता आणला, यार्डाने घेतला नाही, दुसरं ठिकाण सांगा. या एका मेलवर त्या दिवसांचं डिटेन्शन कमी झालेलं मी पाहिलं आहे. मेल नसताना कोणी ऐकून घेतलेलं पाहिलेलं नाही. डबा जमा करताना आतल्या फळ्यांचा, कोपऱ्यांचा फोटो घ्या. तेलाचे डाग, चिकटपट्टीचे तुकडे, ठोकलेले खिळे यांचे क्लीनिंग आणि रिपेअरचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात. इंटरचेंज रिसीट, म्हणजे डबा जमा झाल्याची यार्डाची पावती, हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका, कारण डिटेन्शन थांबल्याचा तोच पुरावा.

फ्री डेज कोण ठरवतो

माल सीआयएफवर, म्हणजे फ्रेट सप्लायरने भरायच्या बोलीवर, घेत असाल तर लाइनशी बोलणारा तुमचा सप्लायर. त्याला स्वस्त फ्रेट हवं असतं, तुमच्याकडचे फ्री डेज त्याच्या डोक्यातही नसतात. डबा आल्यावर लाइनकडे मुदत वाढवून मागणं म्हणजे विनवणी. एफओबीवर, म्हणजे फ्रेट तुम्ही भरायच्या बोलीवर, घ्या, बुकिंग इथून करा आणि १४ दिवस फ्री असं रेट कन्फर्मेशनमध्ये लिहून घ्या, जमल्यास बीएलवरही छापून घ्या. वर्षाला दहा-बारा डबे आणणाऱ्या छोट्या इंपोर्टरलाही हे मिळतं, फक्त बुकिंगच्या वेळी मागावं लागतं. सप्लायर सीआयएफवरच अडून बसला तर निदान ही अट परचेस ऑर्डरमध्ये घाला.

बिल आलंच तर

कस्टमने तपासणीसाठी माल अडवून ठेवला आणि शेवटी तुमची एन्ट्री बरोबर ठरली, तर त्या दिवसांचं प्रमाणपत्र कस्टमकडून मागा. अडवलेल्या मालावर सीएफएसने भाडं घेऊ नये असं २००९ च्या कार्गो हाताळणी नियमांत आहे, आणि लाइनच्या डिटेन्शनबद्दल २०१८ च्या मॅनिफेस्ट नियमांतही तरतूद आहे. प्रत्यक्षात लाइन लगेच मान्य करत नाही, आणि हे वाद कोर्टापर्यंत गेलेले आहेत. तरी प्रमाणपत्र असलं तर सूट मागताना हातात काहीतरी असतं.

गुंता लांबणार हे दिसतच असेल, म्हणजे मोठं क्लासिफिकेशनचं भांडण किंवा टेस्ट रिपोर्टची वाट, तर डबा तसाच ठेवू नका. कलम ४९ खाली माल क्लिअरन्स होईपर्यंत ३० दिवस वेअरहाउसमध्ये ठेवायची परवानगी मागता येते. मालाला वेअरहाउसचं भाडं लागेल, पण डबा रिकामा होऊन परत जाईल. उतरल्यापासून ३० दिवसांत माल सोडवला नाही तर कलम ४८ खाली तो विकायची कारवाई सुरू होऊ शकते. काही इंपोर्टर तोपर्यंत गप्प बसतात आणि मग 'माल नकोच' म्हणतात. ओओसीच्या आधी मालावरचा हक्क सोडला तर ड्युटी भरावी लागत नाही, पण लाइनचं बिल त्याने संपत नाही. बीएलच्या अटींवर बोट ठेवून लाइन ते शिपरकडेही मागते आणि कन्सायनीकडेही, म्हणजे तुमच्याकडेही. म्हणून तसं पत्र देण्याआधी सप्लायरला विचारा, माल परत घेतोस का, आणि घेणार असेल तर परतीचं फ्रेट आणि तोवरचं डिटेन्शन कोण भरणार ते मेलवर लिहून घ्या.